गोंद काढणे : शून्य येन

माझे तलवारीचे गुरू, सेन्सेई, गेले त्याला एकोणपन्नास दिवस झाले, विधी उरकले, आणि त्यांच्या पत्नीने मला घरी बोलावून एक लांबट कापडी पिशवी माझ्या हातांवर ठेवली. आत त्यांची तलवार होती. "म्हणायचे, त्याला द्या. आळशी आहे, पण सोडून जात नाही," त्या म्हणाल्या. सेन्सेईंनी माझ्याबद्दल काढलेला हा सगळ्यात चांगला उद्गार, आणि तोही मला त्यांच्या माघारी कळला.

मी रत्नागिरीचा. नागोयाला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला आलो, आणि संध्याकाळी करायचं काय म्हणून व्यायामशाळेतल्या इआइदोच्या वर्गाला जाऊ लागलो. तलवार म्यानातून काढणं, चालवणं आणि परत म्यान करणं, एवढंच त्यात शिकायचं. समोर माणूस नसतो. आठ वर्षं मी जस्त-ॲल्युमिनियमच्या बोथट तलवारीवर गिरवत होतो. आता खरी हाती आली. तिच्याबरोबर नोंदणीचा कागद होता. मालक बदलला की वीस दिवसांत कळवावं लागतं, आणि कळवायचं कुणाला, तर प्रांताच्या शिक्षण मंडळाला! तलवारी शिक्षण खात्याच्या अखत्यारीत, हे ऐकून बाबा फोनवर बराच वेळ हसत होते.

पातं उत्तम होतं. मूठ मात्र थकली होती. जपानी तलवारीच्या मुठीला आत लाकूड, त्यावर पाकटाचं कातडं आणि त्यावर रेशमाची किंवा सुताची पट्टी आवळून गुंडाळलेली असते. ती पट्टी शेवटच्या दोन वेढ्यांत सैल झाली होती. तेव्हा मी जे केलं ते सांगायला अजूनही जीभ अडखळते. आपल्या फेविक्विकसारखी एक नळी आणली आणि वेढ्यांखाली गोंद सोडला. एका रात्रीत रेशमाचं लाकूड झालं, वर पांढरट बुरशीसारखा थर आला, आणि दोन आठवड्यांत त्याच्या वरचे वेढे सुटू लागले.

मग कारागिराचा शोध. एका दुकानाने वर्षभराची रांग सांगितली. दुसऱ्याने तयार मूठ पुढे केली. ती बसणार कशी? मूठ कोरतात ती त्या एकाच पात्याच्या शेपटाच्या मापाने, ते आत घट्ट बसेल अशी. दुसऱ्याची मूठ म्हणजे दुसऱ्याची कवळी. सैल मुठीतून पातं निसटलं तर शेजारी उभा असलेला माणूस जायचा. तिसऱ्या ठिकाणच्या माणसाने गोंद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि फार अदबीने पिशवीची गाठ पुन्हा बांधून दिली.

शेवटी सेकीला गेलो. गिफू प्रांतातलं हे गाव सातएकशे वर्षं पाती घडवतंय; आज स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि कात्र्या जास्त. तिथल्या लोहारकामाच्या संग्रहालयात ठरावीक दिवशी कारागीर लोकांसमोर काम करतात. गर्दी अर्थातच घणाभोवती होती, ठिणग्या उडत होत्या. एका बाजूला चटईवर एक म्हातारे गृहस्थ मूठ गुंडाळत बसले होते. तलवार म्हटलं की लोकांना लोहार आठवतो. पण पातं घासून उजळवणारा वेगळा, म्यान करणारा वेगळा, आणि मूठ बांधणारा, त्सुकामाकिशी, तोही वेगळा. त्यांच्यासमोर दोन शाळकरी मुलं आणि मी.

मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणू लागलो. पट्टी जेमतेम आठ मिलिमीटर रुंद, लांबी चार मीटरच्या आसपास. ती मधोमध धरून मुठीभोवती दोन्ही टोकं आळीपाळीने फिरवायची, आणि जिथे एकमेकांवरून जातील तिथे प्रत्येक पदराला पीळ द्यायचा. मधे जे कातडं उघडं राहतं त्याचे शंकरपाळे होतात. एका आढीत डावा पदर वर, पुढच्या आढीत उजवा. हलक्या मुठींत सगळीकडे एकच पदर वर घेतात. पाहणाऱ्याला कळत नाही, हाताला कळतं. प्रत्येक आढीखाली कागदाची बोटाच्या नखाएवढी तिकोनी पाचर, चिमट्याने सरकवलेली. तिच्यामुळे पट्टी उभारून येते आणि शंकरपाळ्याच्या कडा पडत नाहीत. आजोबांच्या उजव्या तर्जनीवर पट्टीच्याच रुंदीचा घट्टा होता.

मी पिशवी उघडली. त्यांनी वास घेतला, अंगठ्याने पांढरा थर चाचपला. कुणी केलं, असं विचारलं नाही. बोथट तलवार सोबत होती, तीही पाहायला मागितली. मग दोन्ही मुठी शेजारी ठेवल्या.

"ही तुमच्या गुरुजींची. बघा, टोकाशी काळी पडलीय, करंगळीने धरायचे. पुढे उजव्या हाताखाली पट्टी नव्यासारखी. आणि ही तुमची."

माझी उजव्या हाताखाली झिजून चकाकत होती. उजवा हात आवळू नकोस, ओला टॉवेल पिळतोस तसं दोन्ही हातांनी आतल्या बाजूला धर, हे सेन्सेई आठ वर्षं कानीकपाळी ओरडत होते. त्यांना कधीही न भेटलेल्या माणसाने तेच मला सुताच्या झिजेवरून वाचून दाखवलं.

काम त्यांनी घेतलं. तीन महिने लागले. अधूनमधून शनिवारी मी रेल्वेने जायचो, बघत बसायचो. लाकडाच्या दोन फाका भाताच्या खळीने चिकटवलेल्या असतात, मुद्दाम. पुढच्या कुणालातरी त्या उघडाव्या लागणार हे गृहीत धरलेलं असतं. पातळ पातं सांध्यात घालून आजोबांनी त्या टचकन सोडवल्या. माझा गोंद मात्र असा कुणाचाच विचार करणारा नव्हता. कातड्याच्या दाण्यादाण्यांत तो शिरला होता. कातडं नवं घातलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण हे जुनं आहे, दाणा मोठा आहे, म्हणाले, आणि बांबूच्या काडीने एकेक दाणा मोकळा करत बसले.

जपानीत या कातड्याला 'सामे' म्हणतात, म्हणजे शार्क. पण असतं पाकट. पूर्वी सियामहून डच जहाजांतून नागासाकीला यायचं. आमच्याकडे पाकट खातात, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

"आणि कातडं?"

"टाकतो."

काडी खाली ठेवून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढे प्रत्येक भेटीत एकदा तरी म्हणायचे, "टाकतात!"

जुन्या वेढ्यांखालून निघालेल्या कागदी पाचरा त्यांनी पाकिटात जपून ठेवल्या होत्या. काहींवर शाईची अक्षरं होती, कुठे एखादा आकडा. कुणाच्या तरी जमाखर्चाच्या वहीचं पान कापून केलेल्या. 1876 साली सरकारने सामुराईंना तलवार बाळगून फिरायला बंदी केली आणि हा धंदा बसला, तो पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. ती वही त्याच्या आधीची की नंतरची, हे त्या अर्ध्या आकड्यांवरून ठरत नव्हतं. आजोबांनी मात्र ते पाकीट मुठीबरोबर मला दिलं. "हिच्यातलंच आहे."

हिशोबाचा कागद आला. लाकडाची दुरुस्ती, रेशमी पट्टी, बांधणी, बांबूची नवी खुंटी, प्रत्येकासमोर रक्कम. आणि मधेच एक ओळ : गोंद काढणे, 0 येन. सगळ्यात जास्त दिवस त्यालाच गेले होते. मी पैसे देऊ केले, पुढच्या वेळी मिठाईचा डबा नेला. डबा घेतला, पैसे घेतले नाहीत. घ्यायचे नव्हते तर ओळ लिहिली कशाला, असं मी विचारलं.

"काम केलं ना. मग लिहायला नको?"

तो कागद मी नोंदणीच्या कागदाबरोबर ठेवला आहे. दोन वर्षांनी एकदा मूठ दाखवायला सेकीला जातो. आजोबा चष्मा कपाळावर सरकवतात आणि सगळ्यात आधी उजव्या हाताखालची पट्टी उजेडाकडे धरून बघतात.

"अजून आवळताय," म्हणतात.