पात्र तेच, नट दुसरा

इंदूरच्या मराठी घरांत दोन विषयांवर सहसा एकमत होत नाही. पोह्यांवर शेव किती घालावी हा पहिला, आणि मालिकेत जुन्याच्या जागी आलेला नट पसंत करावा की नाही हा दुसरा. पहिल्या वादात आम्ही पडत नाही. दुसऱ्यात मात्र आमचे मत आता पक्के झाले आहे. ते मांडण्यासाठी हा प्रपंच.

रंगभूमीला नटबदल नवा नाही. 1970 साली 'नटसम्राट' आले तेव्हा डॉ. श्रीराम लागू यांनी गणपतराव बेलवलकर उभे केले. पुढे तीच भूमिका दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी केली. रसिकांनी तुलना केली, वादही घातले. पण ती तुलना म्हणजे रसिकतेचाच भाग होता. नाटकाला आपण तिकीट काढून जातो आणि समोर नट आहे हे जाणून बसतो. मालिकेतील माणूस मात्र रोज रात्री जेवणाच्या वेळी आपल्याच घरी येतो. तो नट आहे हे आपण विसरलेलो असतो. एके दिवशी त्याच नावाने दुसराच चेहरा दारात उभा राहतो, तेव्हा घरात परका शिरल्यासारखे वाटते.

'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका 3 जुलै 2000 रोजी सुरू झाली. मिहिरची भूमिका अमर उपाध्याय करीत. पुढे ती इंदर कुमार यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर रोनित रॉय यांच्याकडे गेली. आमच्या घरातील लेकीसुनांनी नव्या मिहिरवर जवळजवळ बहिष्कारच टाकला. आमच्या मातोश्री तेवढ्या शांत होत्या. चार दिवस त्यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "नव्या माणसाला पहिल्याचं माप लावू नये गं. तो आपलं काम करायला आलाय."

खोलीत एकाएकी कोणी बोलेना. मातोश्री या आमच्या वडिलांच्या द्वितीय पत्नी. पहिलीचा स्वयंपाक, पहिलीची रांगोळी, पहिलीचा आवाज, ही मापे त्यांना कित्येक वर्षे लावली गेली, हे आम्हांला आत्याकडून ठाऊक होते. त्यांनी स्वतः त्याविषयी त्यापूर्वी वा त्यानंतर कधी चकार शब्द काढला नाही. त्या रात्रीपासून मात्र नव्या मिहिरला आमच्या घरी जागा मिळाली.

नटांच्या पडद्यामागील आठवणी आम्ही आवडीने वाचू लागलो, ते तेव्हापासून. रोनित रॉय यांनी आपल्या पडत्या काळाविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. 1992 च्या 'जान तेरे नाम'नंतर चित्रपटांतील कामे आटली, तेव्हा त्यांनी सुरक्षारक्षक पुरविण्याचा व्यवसाय केला. 'अग्गंबाई सासूबाई'तील आजोबा रवी पटवर्धन डिसेंबर 2020 मध्ये निवर्तले, आणि त्या भूमिकेत मोहन जोशी दिसले. एके काळी मालमोटार चालवून पोट भरलेला हा नट. 'क्योंकि'मधील बा, म्हणजे सुधा शिवपुरी, यांची पार्श्वभूमी तर अधिकच बोलकी. मोहन राकेश यांच्या 'आधे-अधूरे'च्या 1969 मधील प्रयोगात त्या सावित्री होत्या, आणि तिच्या आयुष्यातील निरनिराळे पुरुष त्यांचे पती ओम शिवपुरी एकटेच साकारीत. तेथे एका नटाने अनेक माणसे उभी करावयाची. मालिकेत एका माणसासाठी अनेक नट झिजतात. हे कष्ट एकदा कळले, म्हणजे दारात उभा राहिलेला नवा चेहरा परका वाटत नाही.

29 जुलै 2025 रोजी 'क्योंकि' नव्याने सुरू झाली. स्मृती इराणींसमवेत अमर उपाध्याय मिहिर म्हणून परतले. आमच्या घरी "खरा मिहिर आला" असा एकच जल्लोष झाला. आम्हांलाही आनंद झाला. परतलेल्याचे स्वागत व्हावयासच हवे. परंतु मधली कित्येक वर्षे ज्याने तो संसार चालता ठेवला, त्याचे नाव त्या गलबल्यात कोणी घेतले नाही. शेजारी बसलेल्या नातवाला आम्ही ते सांगितले. त्याने विचारले, "मग आजोबा, तो खोटा होता का?" आम्ही म्हटले, "नाही रे. तोही खराच होता."