शहिदांना ऱ्हस्व, वीरांना दीर्घ

आमच्या मासिकाचे मराठी पान ग्रंथालयातल्या ज्या संगणकावर तयार होते, त्यावर अजून विंडोज ७ आहे. १४ जानेवारी २०२० पासून त्याला आधार बंद झाला, म्हणून शाळेने त्याचे इंटरनेटही काढून घेतले. हिंदी-इंग्रजी पानांना नवे संगणक मिळाले. जबलपुरात मराठी छात्र किती, हे पाहता तक्रार तरी काय करणार!

यंदा पानावर वीरमरण आलेल्या एका माजी छात्राविषयी टिपण होते. त्यांच्या आईंना मराठीच वाचता येते आणि पहिला अंक त्यांनाच जाणार होता. पण शुद्धलेखन तपासणी चालू केली की सगळे पान लाल. ‘आहे’, ‘आणि’, ‘त्यांनी’ यांच्याखालीही नागमोडी रेघ. खरी चूक त्यात शोधायची कशी?

मदतीला आले आमचे संगणकाचे उस्ताद. सिग्नल्समधून निवृत्त, घर बिहारचे, मराठी शून्य. त्यांनी एकच विचारले, “ये मशीन इसे कौन सी भाषा समझ रही है?” हिंदी! ‘होते’ तेवढे सुटले होते, कारण ते हिंदीतही आहे.

लिब्रेऑफिसची २५.८ आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही. उस्तादांनी २४.८ पेनड्राइव्हवर आणली, सोबत मराठी कोश. तरी अर्धे टिपण तपासलेच जाईना. ते बाजारातून कृतिदेवमध्ये टाइप होऊन आले होते. कृतिदेव पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरे असतात. तो भाग मी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला, जसाच्या तसा.

तपासणी करणारा हनस्पेल मुळात हंगेरियन भाषेसाठी बनला. एका फाइलमध्ये शब्द, दुसरीत प्रत्यय लागताना शब्द कसा बदलतो त्याचे नियम. मराठीत हे काम सोपे नाही. जबलपूर दीर्घ, जबलपुरात ऱ्हस्व. शहीद, पण शहिदांना. वीर मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून वीरांना दीर्घच. उस्ताद म्हणाले, “मतलब शहीद छोटा, वीर बड़ा?” आम्ही हसलो, पण टिपणाच्या पहिल्याच ओळीत ‘शहीदांना’ होते आणि आता तिथे एकटी लाल रेघ उभी होती.

‘हुतात्मा दीन’ला मात्र यंत्राने काही म्हटले नाही. दीन म्हणजे गरीब, शब्द म्हणून बरोबरच. ती चूक मराठीच्या मॅडमनी मोठ्याने वाचताना पकडली.

शेवटी एक लाल शब्द उरला: त्या छात्राच्या गावाचे नाव. कोशात नव्हते, आम्हालाही ठाऊक नव्हते. मॅडमनी घरी फोन लावला. आई म्हणाल्या, शेवटी ‘ल’ नाही, ‘ळ’ आहे. उस्तादांनी ‘ळ’ कळफलकावर कुठे असतो ते मला विचारले आणि तो शब्द स्वतः कोशात घातला.