तयारी नावाची संहिता

शिडाच्या छोट्या नौकेतून महासागर ओलांडणाऱ्यांनी लिहिलेली पुस्तके बहुधा किनारा दिसेनासा होतो तेथूनच खऱ्या अर्थाने सुरू होतात. त्यापूर्वीचे महिने, क्वचित वर्षेही, एखाद्या प्रास्ताविक प्रकरणात गुंडाळली जातात : पैसे कसे उभे राहिले, नौका कोठे सापडली, निरोपाला धक्क्यावर कोण आले. वाचकाचीही याबद्दल तक्रार नसते. त्याला वादळ हवे असते. प्रवासवर्णनाची समीक्षादेखील निवेदकाचा आत्मशोध, त्याला भेटलेला 'इतर', निसर्गाची उदात्तता अशा अंगांनी त्या वादळाभोवतीच घुटमळते. बंदरात बांधलेल्या नौकेवर संसार मांडून, याद्या करीत आणि खोडीत, अनुकूल ऋतूची वाट पाहणारा माणूस या सगळ्यातून निसटतो. वस्तुतः या वाङ्मयातील सत्यासत्याचा प्रश्न प्रथम उपस्थित होतो तो त्याच्या याद्यांत.

या प्रकारच्या लेखनाचा आद्य पुरुष मानला जाणारा जोशुआ स्लोकम याला अपवाद आहे. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात 'स्प्रे' ही नौका मोडकळीस आलेल्या सांगाड्यातून कशी उभी राहिली याची हकीकत आहे आणि तिचा हिशेबही आहे : तेरा महिन्यांचे श्रम आणि साहित्याचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. शेवटचे बासष्ट सेंट महत्त्वाचे आहेत. १८९५ ते १८९८ या काळात सुमारे ४६,००० मैल एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केल्याचे सांगणाऱ्या माणसावर विश्वास का ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर त्या सेंटांत आहे. आजारपणात 'पिंटा' जहाजाचा सुकाणूधारी आपल्या नौकेवर येऊन रात्रभर सुकाणू सांभाळून गेला, ही स्लोकमची कथा वाचक हसत का होईना स्वीकारतो, कारण पैशापैशाचा हिशेब देणाऱ्याला त्याने आधीच आपलेसे केलेले असते.

मराठीत 'तयारी' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. प्रवासाची तयारी म्हणजे पूर्वसिद्धता. गवयाची तयारी म्हणजे रियाजाने गळ्यात मुरलेले सामर्थ्य. पहिली कार्याच्या आधी संपते, दुसरी प्रत्यक्ष गाण्यातच ऐकू येते. नौकेवर राहणाऱ्यांच्या बाबतीत हे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत. कोणता डबा कोणत्या फळीखाली आहे हे अंधारात, नौका एका कुशीवर कललेली असताना हाताला ठाऊक असणे, ही पूर्वसिद्धता म्हणावी की गळ्यातली तान?

डब्यांचेच उदाहरण घेण्यासारखे आहे. लाकडी नौकेच्या तळाशी थोडेफार पाणी साठतेच. डबाबंद अन्न वजनासाठी तळाशी ठेवावे लागते. ओलाव्याने डब्यांवरचे कागद सुटतात आणि त्यांचा लगदा पाणी उपसणाऱ्या पंपात अडकतो. संकटाच्या वेळी बंद पडलेला पंप म्हणजे मृत्यूला आमंत्रण. म्हणून जुन्या शिरस्त्याप्रमाणे निघण्यापूर्वी प्रत्येक डब्याचा कागद फाडून टाकतात, झाकणावर रंगाने एखादे अक्षर वा आकडा घालतात, वर रोगणाचा हात देतात आणि एका वहीत त्या खुणांचा अर्थ व जागा टिपतात. चिन्हकाचा चिन्हिताशी असलेला संबंध यादृच्छिक असतो हे सोस्यूरचे प्रतिपादन विद्यार्थ्याला शिकवायचे तर याहून उत्तम उदाहरण मिळणे कठीण. फरक एवढाच, की वर्गात चिन्हव्यवस्था कोसळली तर चर्चा रंगते. येथे वही भिजली किंवा चुकीची लिहिली गेली, तर शेकडो डबे एकसारखे मुके होतात.

नौकेवरचा प्रपंच असा लिखितावर उभा असतो. पाण्याचा जुना हिशेब माणशी दररोज अर्धा गॅलन, म्हणजे सुमारे सव्वादोन लिटर. दोन माणसे आणि ३० दिवस धरले तर १३५ लिटर, त्यावर निम्मे राखीव. भांडी खाऱ्या पाण्याने धुवायची. अंड्यांना व्हॅसलीन चोळायचे, म्हणजे कवचाची छिद्रे बुजून ती आठवडेच्या आठवडे टिकतात. चूल अशी टांगायची, की नौका कलली तरी पातेले समतल राहावे. बंदरात राहता राहता नौकेचे घर झालेले असते. पुस्तके, जादा भांडी, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेल्या वस्तू साठलेल्या असतात. प्रस्थानाचा दिवस ठरला, की घराची पुन्हा नौका करावी लागते आणि प्रत्येक वस्तूला तिचे प्रयोजन विचारावे लागते. आज उपग्रहांवरून स्थान कळते, खाऱ्या पाण्याचे गोडे करणारी यंत्रे तीस-चाळीस फुटी नौकांवरही दिसतात. त्यामुळे यादी आखूड झालेली नाही. त्या यंत्रांच्या सुट्या भागांनी ती वाढलीच आहे.

हे लिखाण कोणाचे, हाही प्रश्न विचारायला हवा. एरिक आणि सुझन हिस्कॉक हे ब्रिटिश दांपत्य १९५२ ते १९५५ या काळात ३० फुटी 'वाँडरर थ्री'मधून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पुढे दोन पिढ्यांच्या दर्यावर्दींनी एरिकची पुस्तके पाठ्यपुस्तकांसारखी वाचली. एरिकची दृष्टी अधू होती; दूरवरचे पाहण्याची भिस्त सुझनवर असे. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर मात्र नाव एकाचेच. ही विषमता पहिल्यांदा ठळकपणे मोडली ती लिन पार्डीने. पती लॅरीसह बांधलेल्या, इंजिन नसलेल्या २४ फुटी 'सेराफिन'वरील वास्तव्यातून तिने १९८० साली एक पुस्तक सिद्ध केले. जपानहून कॅनडाकडे जाताना रोज काय शिजवले, काय नासले, कोणती भाजी किती दिवस टिकली, ही त्याची चौकट. त्याला पाककृतींचे पुस्तक म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. परंतु महासागराचा काळ एका स्वयंपाकघराच्या घटत्या साठ्याने मोजणारी ही रोजनिशी अनेक वादळकथांपेक्षा अधिक काही सांगून जाते.

यादीइतकाच वेळ नौकावासी वाचनाला देतो आणि त्याचे मुख्य वाचन म्हणजे महिन्यामहिन्याचे वाऱ्यांचे नकाशे. महासागराचे चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनात एक वर्तुळ, त्यातून निघणारे बाण. बाणाची लांबी म्हणजे त्या दिशेने वारा किती वेळा वाहतो, बाणाची पिसे म्हणजे त्याचा जोर, मधला आकडा म्हणजे निर्वात काळाचे शेकडा प्रमाण. कॅनरी बेटांवरील लास पाल्मास बंदरात दर शरद ऋतूत नौका जमतात आणि नोव्हेंबर उतरेपर्यंत थांबून राहतात त्या या वाचनामुळे; पलीकडच्या चक्रीवादळांचा मोसम तोवर सरत आलेला असतो.

या नकाशांचा उगम साहित्याच्या अभ्यासकाला विचारात पाडणारा आहे. अमेरिकन नौदलातील मॅथ्यू फाँटेन मॉरी याने नौदलाच्या भांडारात धूळ खात पडलेल्या जुन्या जहाजांच्या नोंदवह्या उघडल्या, त्यांतील वारे आणि प्रवाह चौकोनाचौकोनाने एकत्र केले आणि १८४७ साली उत्तर अटलांटिकचा पहिला नकाशा काढला. पुढे त्याने कप्तानांशी व्यवहारच मांडला : आमच्या छापील तक्त्यांत तुमच्या नोंदी भरून द्या, नकाशे फुकट न्या. म्हणजे नकाशावरचा एकेक बाण हा शेकडो अनाम नोंदींचा निष्कर्ष असतो. आंतरसंहितेची चर्चा आपल्याकडे बहुधा काव्यातील पडसादांपुरती राहते. येथे अनोळखी माणसांनी एकेकट्याने केलेल्या नोंदींवर आणखी एक अनोळखी माणूस आपला जीव टाकतो, आणि त्याचीही नोंद त्याच भांडारात जाणार असते. तेव्हा नोंद खोटी लिहिणे ही खाजगी बाब उरत नाही.

डोनाल्ड क्रोहर्स्टचे प्रकरण या ठिकाणी टाळता येत नाही. एका ब्रिटिश वृत्तपत्राने १९६८ साली एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर केली. प्रस्थानाची अंतिम मुदत ३१ ऑक्टोबर होती. क्रोहर्स्ट हा इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय करणारा कल्पक, बोलका आणि कर्जात बुडालेला गृहस्थ. माघार घेतली तर नौकेची किंमत त्याच्याच बोकांडी बसावी, असा प्रायोजकाशी करार झालेला. त्याची तीन सांगाड्यांची नौका घाईघाईने बांधली गेली, आणि तो नेमका शेवटच्या दिवशी टिनमथहून निघाला. पंपाच्या मोठ्या नळीसारख्या आवश्यक वस्तू मागेच राहिल्या. नौका आपोआप सावरणारी जी यंत्रणा तो सर्वांना वर्णन करून सांगत असे, तिच्या तारा केबिनभर खेळवलेल्या होत्या. त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

या न जोडलेल्या तारा हीच त्याची पहिली खोटी नोंद होती. पुढचे सर्वश्रुत आहे. डिसेंबर १९६८ पासून तो जगाला एक स्थान कळवू लागला आणि असू लागला दुसरीकडे. दक्षिण महासागरात उतरण्याजोगी नौका नाही हे ओळखून तो अटलांटिकमध्येच फिरत राहिला. खोटी नोंद लिहिणे खरीपेक्षा कितीतरी कठीण आहे. खरी लिहिणारा सूर्याची उंची मोजतो आणि त्यावरून स्थान काढतो. खोटी लिहिणाऱ्याला आधी स्थान ठरवून, तेथून त्या क्षणी सूर्य किती उंच दिसला असता याचे गणित उलट्या वाटेने सोडवावे लागते. जेथे तो नव्हता तेथील हवामानाची वृत्ते तो आकाशवाणीवरून टिपून ठेवी. वास्तववादी कादंबरीकाराला लागणारी सारी सामग्री त्याने जमवली होती. एप्रिल १९६९ मध्ये तो पुन्हा संपर्कात आला. मे महिन्यात त्याच्या कल्पित वेगाशी स्पर्धा करताना नायजेल टेटलीची नौका मोडून बुडाली आणि विजय क्रोहर्स्टसमोर येऊन उभा राहिला. विजेत्याच्या वह्या तपासल्या जाणार होत्या. अखेरच्या दिवसांत त्याने काळ, ईश्वर आणि मानवी बुद्धी यांवर सुमारे पंचवीस हजार शब्द लिहिले. शेवटची नोंद १ जुलैची आहे. १० जुलैला निर्मनुष्य नौका सापडली. वह्या केबिनमध्ये जागच्या जागी होत्या. 'लेखकाचा मृत्यू' हे बार्थचे सूत्र त्याच काळात फ्रेंच समीक्षेत अवतरत होते. ते रूपक म्हणून वापरणाऱ्यांनी या केबिनकडे एकदा पाहिलेले बरे.

त्याच स्पर्धेत बर्नार्ड म्वातेसिएने प्लिमथच्या धक्क्यावर इंजिन, होडी, नांगर, साखळदंड, रंगाचे डबे आणि काही पुस्तकेही उतरवून 'जोशुआ' हलकी केली. त्याची तयारी ही संपादनाची होती. मार्च १९६९ मध्ये त्याने स्पर्धाच यादीतून खोडली आणि युरोपकडे न वळता तो ताहितीपर्यंत गेला. त्याच्याभोवती नंतर साधुत्वाचे जे वलय उभे राहिले ते काहीसे अतिरिक्त वाटते. किनाऱ्यावर वाट पाहणारी पत्नी त्या वलयात दिसत नाही.

नऊ जणांपैकी परत पोचला तो एकटा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ३१२ दिवसांनी. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. त्याची ३२ फुटी 'सुहैली' मुंबईत बांधलेली होती, १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात. मागवला होता एक आराखडा, आला दुसराच. तोच स्वीकारून सागवानात ती उभी केली गेली. वाकसाने तासून, दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडून तिच्या फळ्या जोडणाऱ्या सुतारांची नावे कोणाच्या पाठ्यक्रमात नाहीत. प्रवासात पाण्याखालच्या फटीतून गळती सुरू झाली तेव्हा त्याने समुद्रात उतरून कापूस शिवलेली कॅनव्हासची पट्टी आणि वर तांब्याचा पत्रा ठोकला. त्याचा रेडिओ बंद पडून महिनोन्महिने त्याची खबर नव्हती. तो काहीही सांगू शकला असता.

मराठीत हे वाङ्मय का नाही, याचे एक कारण उघड आहे. कोकणच्या किनाऱ्यावर जे समुद्रावर गेले ते लिहीत नव्हते, आणि जे लिहीत होते त्यांना समुद्रयान कलिवर्ज्यांत मोजायला शिकवले होते. तांडेलाची यादी त्याच्या तोंडी असे, नकाशा डोक्यात, आणि दोन्ही त्याच्याबरोबर जात. त्यामुळे भारतीय नौदलातील व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या आग्रहातून एकट्या भारतीयाच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा संकल्प निघाला तेव्हा कमांडर दिलीप दोंदे यांना वाचायला घरची एकही वही नव्हती. २००६ साली ते इंग्लंडला गेले आणि पुन्हा एकदा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या सदुसष्ट वर्षांच्या नॉक्स-जॉन्स्टन यांच्या नौकेवर पडेल ते काम करीत शिकले. मुंबईच्या सुतारांची विद्या अशी फिरून परत आली, म्हटले तर. मग मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी ती मुंबईहून निघाली. नारळी पौर्णिमा उलटली होती, नैर्ऋत्य मोसमी वारा अद्याप ओसरला नव्हता. पण केप हॉर्न दक्षिणेकडील उन्हाळ्यातच गाठायला हवे होते. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन अशी चार बंदरे होती, आणि प्रत्येक बंदरात यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहावी लागणार होती.