टेनिसच्या चेंडूंचे डोळे

समुद्रातून तो वर येतो, आणि भीती मात्र वर येत नाही. शेवाळाने लगडलेलं अंग, लटलटणारे पंजे, डोक्यावर वटारलेले आणि तरीही कुणाकडेच न बघणारे दोन डोळे. भोवतीचं पाणी उन्हात लखलखत असतं, मागचा किनारा निवांत पहुडलेला असतो, आणि एवढ्या उजेडात त्या बापड्याला लपायला कुणी कोपराभर काळोखसुद्धा ठेवलेला नसतो.

भयाला काळोख लागतो.

रॉजर कॉर्मनचा ‘क्रीचर फ्रॉम द हॉन्टेड सी’ हा 1961 सालचा चित्रपट. पोर्तो रिकोत आधीच्या चित्रपटांचं काम उरकलं होतं, माणसं तिथेच होती, थोडी फिल्मही होती. तेवढ्यावर आणखी एक चित्रपट उभा राहिला. चार्ल्स ग्रिफिथने घाईघाईत पटकथा लिहिली. क्यूबातल्या क्रांतीनंतर सोनं घेऊन पळालेले लष्करी अधिकारी एका अमेरिकन गुंडाच्या बोटीत बसतात. सोन्यासाठी त्यांना एकेक करून संपवायचं आणि आळ घालायचा समुद्रातल्या राक्षसावर, असा त्याचा बेत. आणि त्याच पाण्यात एक खराखुरा राक्षस असतो.

केवढी कल्पना! आपणच पसरवलेल्या खोट्याला एके दिवशी हातपाय फुटावेत आणि ते पाण्यातून चालत आपल्याच दिशेने यावं, यापरतं भय कोणतं? पण चित्रपट तिथे थबकत नाही. एक पात्र प्राण्यांचे आवाज काढत राहतं, गुप्तहेर धांदरटपणे धडपडत राहतो. विनोद येतात, हसू फुटायची वाट बघतात आणि ओशाळून निघून जातात. मनात काहीतरी हळूहळू मिटत जातं. मला दुखतं ते हेच, की आत एक चांगला चित्रपट होता आणि त्याला वेळ मिळाला नाही.

तरीही मी बघत राहते. कारण भीती वाटेनाशी झाली, की नजर मोकळी होते. मग दिसतं, की ते डोळे टेनिसच्या चेंडूंचे आहेत आणि त्यातली बुबुळं पिंगपाँगच्या चेंडूंची. अंगाखाली पाणबुड्याचा रबरी सूट आहे, आणि त्यावर शेवाळाबरोबर भांडी घासायच्या तारेच्या घासण्या लावल्या आहेत. कुणीतरी बसून एकेक घासणी लावली असेल, दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून बघितलं असेल, पुन्हा पुढे येऊन एखादा चेंडू जरासा वळवला असेल.

त्या हातांवर माझा जीव जडतो.

धडपडणाऱ्या गुप्तहेराचा चेहरा तरुण आहे. पडद्यावर नाव वेगळं लागतं, पण तो रॉबर्ट टाउन. पुढे ‘चायनाटाउन’ लिहून ऑस्कर मिळवणारा. त्या उन्हात त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. 2024च्या मे महिन्यात कॉर्मन गेला, जुलैत टाउन गेला, आणि त्या किनाऱ्यावरची हवा मात्र अजून तशीच केसांतून खेळते आहे. भय पकडायला गेलेल्या कॅमेऱ्याच्या हाती हा उजेड लागला.

शेवटी राक्षसच जिंकतो. समुद्राच्या तळाशी, सोन्याच्या पेटीवर बसून, सांगाड्यांच्या सोबतीत तो दात कोरतो. सगळ्या चित्रपटात एवढं एक दृश्य नेमकं जमलेलं आहे, आणि त्याच्यासाठी मी बाकी सगळं आनंदाने सोसते.

जमलेल्या कलाकृतीसमोर आपण दिपून जातो; ती होण्याआधीची चाचपड, ते चेंडू वळवून बघणं, त्या झळाळीत बुडून गेलेलं असतं. आपल्या हातून काय घडणार आहे हे ठाऊक नसतानाही माणसं कामाला कशी लागतात, हे जवळून बघायचं असेल, तर फसलेल्या कामांकडेच जावं लागतं. मी जाते, आणि पुन्हा जाईन.