गुळगुळीतपणाचे दोन मार्ग

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक हिंगोलीकडे वळतो, दुसरा हदगावकडे. हा मुलूख हळदीचा. शिजवून वाळविलेले खडबडीत हळकुंड फिरत्या पिंपात घातले, की घासून त्याची साल झडते व ते तुळतुळीत होते. याच फाट्यावर खिचडी खाऊन झाल्यावर एक वृद्ध गृहस्थ औषधाची गोळी दाढेखाली फोडीत असलेले आम्ही पाहिले, आणि मनात आले, हळकुंड झिजून गुळगुळीत होते. गोळी मात्र माखून!

गोळ्याही फिरत्या कढईतच घोळतात. शर्करावगुंठित गोळीवर आधी लाखेचे अस्तर, मग डिंक व शंखजिरे, त्यावर पातळ पाकाचे थर आणि शेवटी चकाकीसाठी मेण, असा क्रम असतो. संक्रांतीचा हलवा करणाऱ्या गृहिणीस ही विद्या परकी नाही. भेद इतकाच, की हलव्यावर काटा आला नाही तर ती खिन्न होते, आणि गोळीवर आला तर कारखानदार!

१९५० नंतरच्या दशकात साखरेची जागा विरळ पापुद्रा घेऊ लागला. साखरेने गोळीचे वजन निम्म्यानेही वाढे. पापुद्र्याने शेकडा दोनतीनच वाढते. हायप्रोमेलोज नावाचे, वनस्पतींच्या तंतुद्रव्यापासून केलेले द्रव्य विरघळवून त्याचे तुषार गोळ्यांवर उडवितात. द्रावण फार दाट झाले तर थेंब पसरण्यापूर्वीच सुकतात व गोळीचे अंग संत्र्याच्या सालीसारखे होते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलने पापुद्रा लवचिक होऊन चिरत नाही. टिटॅनियम डायऑक्साइड शुभ्रता देते, शंखजिरे चिकटपणा आवरते. पण यांचे कण भरड किंवा प्रमाण अधिक झाले, की खरखर आलीच.

एवढी खटपट गोळी सुखाने घशाखाली उतरावी आणि कडूपणा जिभेस कळू नये म्हणून. परंतु काही लेपांवर याहून मोठी जबाबदारी असते. ते जठरातील आम्लात टिकतात व आतड्यात विरघळतात. त्यामुळे औषधाचे आम्लापासून, किंवा जठराचे औषधापासून, रक्षण होते. अशी गोळी कुटली, की ते रक्षण संपले. आणि बोटांना दोन्ही लेप सारखेच गुळगुळीत! दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. यास्तव घरातील वडीलधाऱ्यांना गोळी गिळणे जड जात असेल, तर खलबत्ता काढण्यापूर्वी वैद्यास किंवा औषधविक्रेत्यास विचारण्याचे कष्ट प्रेमळ मुलासुनांनी अवश्य घ्यावेत.