बेलफास्टहून डब्लिनला

माझ्या मुलाच्या हृदयास जन्मतःच जो विकार होता त्यास वैद्यकशास्त्रात ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ म्हणतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, यामुळे अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळते आणि रडता रडता मूल निळे पडते. निदान बेलफास्टच्या रॉयल बालरुग्णालयात झाले. शस्त्रक्रिया मात्र सुमारे १६५ किलोमीटरांवरील डब्लिन येथे, म्हणजे परक्या राष्ट्राच्या राजधानीत, व्हावयाची होती. बेलफास्टसारख्या सुसज्ज नगरीत एका अर्भकाच्या हृदयाची सोय नसावी, हे मला प्रथम केवळ अनाकलनीय वाटले.

तेथील हृद्रोगतज्ज्ञांनी कारण शांतपणे उलगडून सांगितले. उत्तर आयर्लंडची वस्ती अवघी एकोणीस लाखांच्या घरातली; अशा शस्त्रक्रिया लागणारी बालके त्या मानाने थोडी. रात्री-अपरात्री निकड भागवावयाची तर एकाहून अधिक शल्यविशारद हवेत, आणि ते नेमले तर प्रत्येकाच्या वाट्यास हात तयार राहील इतके काम येत नाही. सर इयन केनेडी यांच्या तज्ज्ञमंडळाने २०१२ साली बेलफास्टमधील बालहृदयशस्त्रक्रियेची व्यवस्था टिकणारी नाही असा निर्वाळा दिला, आणि २०१४ साली बोस्टनचे डॉ. जॉन मेयर यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय समितीने सबंध बेटावरील बालहृदयशस्त्रक्रिया डब्लिनच्या क्रमलिन येथील रुग्णालयात एकवटण्याची शिफारस केली; तपासणी व पुढील देखरेख बेलफास्टकडेच ठेवली. पुष्कळ आईबापांनी यास कडवा विरोध केला होता. मरणोन्मुख बालकास रुग्णवाहिकेतून दोन तास न्यावयाचे, या कल्पनेने ज्याचा जीव गोळा होणार नाही असा बाप मी पाहिलेला नाही. तरीही तो निर्णय योग्य होता असेच माझे मत आहे.

माझी पत्नी परिचारिका, मिरजेस शिकलेली. विजापूर-बेळगावकडील रोगी राज्याची हद्द ओलांडून मिरजेस येतात हे ती लहानपणापासून पाहत आली, त्यामुळे तिला या व्यवस्थेचे नवल नव्हते. आमची अडचण निराळीच होती. युनायटेड किंगडमचा रहिवास-परवाना आयर्लंडच्या प्रजासत्ताकात चालत नाही. भारतीय पारपत्रधारकास तेथे स्वतंत्र व्हिसा लागतो, आणि मूल बेलफास्टमध्ये जन्मले तरी आमच्यासारखेच भारतीय. ज्या सरहद्दीवर शेजारच्या घरचा माणूस किराणा आणावयास जातो तीच आमच्यापुढे अर्ज, दाखले आणि छायाचित्रे मागत उभी राहिली. दोन्ही शहरांतील परिचारिकांनी रुग्णालयाची पत्रे तत्परतेने दिली, आणि ती दप्तरी रुजू होऊन तिघांचेही व्हिसा वेळेवर हाती आले. दोन रुग्णालयांचे सख्य कागदोपत्री कसे उतरते ते मी तेव्हा पाहिले.

प्रवासात सरहद्द दिसलीच नाही. १९९८ च्या शांतता-करारापूर्वी न्यूरीच्या परिसरात सैन्याचे टेहळणी-मनोरे होते. आता तेथे रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते आणि पाट्यांवरील मैलांचे किलोमीटर होतात, एवढेच. क्रमलिनला पोहोचल्यावर शल्यविशारदांनी बेलफास्टमध्ये घेतलेली हृदयाची चित्रे पडद्यावर लावून, छिद्र कोठे बुजवावयाचे व वाट किती रुंद करावयाची, हे आम्हांस समजावले. मुलाच्या प्रकरणाचा विचार दोन्ही नगरींतील वैद्यांनी एकत्र बसून आधीच केला होता, त्यामुळे एकही प्रश्न आम्हांस पुन्हा विचारण्यात आला नाही.

शस्त्रक्रियेचे तास मी वर्णन करू इच्छित नाही. ती संपल्यावर अतिदक्षता विभागात मुलाची नखे प्रथमच गुलाबी दिसली आणि पत्नी, जिने एवढ्या महिन्यांत परिचारिकेचा संयम कधी सोडला नव्हता, ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडली.

खर्चाचा कागद आमच्याकडे आला नाही. तो हिशेब दोन्ही बाजूंच्या आरोग्यखात्यांनी आपसांत पाहिला. आता दरवर्षी तपासणी बेलफास्टलाच होते. फुप्फुसाकडील झडप मोठेपणी बदलावी लागण्याचा संभव आहे, असे तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हणून तिघांच्याही पारपत्रांची मुदत मी आतापासूनच जपून पाहत असतो.