पोटातला डबा

मराठीच्या प्राध्यापकाने वेगवान मोटारीचा षौक करावा, हे माझ्या सहकाऱ्यांना अजून पटलेले नाही. मास्तराने फार तर स्कूटर घ्यावी आणि रविवारी शुद्धलेखनावर वाद घालावा, अशी त्यांची समजूत आहे. पण बारा वर्षांपूर्वी जुन्या मोटारींच्या बाजारात मला एक फियाट पालिओ दिसली आणि मी तिच्यावर भाळलो. १.६ लिटरचे इंजिन, ताकद शंभर अश्वशक्तीची. २००१ साली ही गाडी आपल्याकडे आली, तेव्हा एवढ्याशा मोटारीत एवढा जोर म्हणजे नवलच होते. तिच्या माहेरी, इटलीत, तिला कोणी स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाही. पण चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजातल्या गर्दीतून रोज इंचाइंचाने वाट काढणाऱ्या माणसाला ती तशी वाटली, तर त्याला हसू नये.

पुढे गाडीचे वय झाले. पंधरा वर्षांची नोंदणी संपून पुन्हा पाच वर्षांची करून घेतली, आणि तेव्हापासून तिला धाप लागू लागली. मिस्त्रीने गाडी वर चढवली, खाली वाकून पाहिले आणि निदान केले, "सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाम झाला जी."

हा कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाच्या आणि सायलेन्सरच्या मध्ये, गाडीच्या पोटाशी बसवलेला एक लोखंडी डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी, आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ लेप. इंजिनातून निघालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची तिखट ऑक्साइडे या जाळीतून जाताना बदलतात. बाहेर पडते ती बहुतेक वाफ, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. मात्र डबा चांगला तापल्याशिवाय हे काम होत नाही. सुमारे तीनशे अंशांपर्यंत पोचला की त्याला हुरूप येतो.

नव्या डब्याची किंमत ऐकून माझा हुरूप मात्र गेला. मिस्त्री दयाळू माणूस. म्हणाला, "काहून एवढा विचार करता? काढून फेकू. सरळ पाइप टाकून देतो. गाडी पळते कशी पाहा! अन् तुम्ही जंगलातून जाता-येता. तो डबा चुलीवानी तापते. वाळल्या गवतावर गाडी उभी केली तर आग लागन ना जी!"

हे शेवटचे खोटे नव्हते. तापलेल्या कन्व्हर्टरखालचे वाळके गवत पेटू शकते. त्यावर साधा उपाय म्हणजे गवतावर गाडी उभी न करणे. पण तो मला त्या क्षणी सुचला नाही. पुण्याला मोटारींच्या धंद्यात असलेल्या भाच्याला विचारले, तर त्याने आगीत तेलच ओतले. अमेरिका-जपानातले शौकीन जुन्या स्पोर्ट्‌स कारमधून हा डबा तर काढतातच, शिवाय चाक घसरू लागले की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी ट्रॅक्शन कंट्रोलची यंत्रणाही काढून टाकतात म्हणे. गाडी आणि चालवणारा यांच्यामध्ये तिसरे कोणी नको!

राहिला तो माझ्यातला मास्तर. त्यानेही साथ दिली. १९६२ साली आपल्या शुद्धलेखनातून अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा मराठीचे काय बिघडले? उच्चार नाही, तर टिंब कशाला? तसाच हा डबा. ना दिसत, ना बोलत. मी मिस्त्रीला 'हो' म्हणालो.

पुढचे चार महिने मौजेचे गेले. तुंबलेला डबा गेल्याने गाडी मोकळी झाली आणि तिचा आवाज भरदार झाला. आमच्या घरी सोय झाली ती वेगळीच. "तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की कळतं," सौ. म्हणाली, "आता मी त्यावरच कुकर चढवते."

मग पीयूसीची मुदत संपली. तपासणीच्या यंत्राने माझ्या गाडीला साफ नापास केले. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला होता. तपासणाऱ्या पोऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, माझ्या गाडीच्या पाटीचा फोटो घेतला आणि यंत्राची नळी शेजारच्या नव्या मोटारीला लावली. मी पैसे दिले आणि प्रमाणपत्र घडी करून खिशात घातले. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर पाहणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. त्या दिवशी मी स्वतः दुसऱ्याच्या पेपरावर पास झालो, आणि घरी कोणाला बोललो नाही.

मार्च संपत आला होता. उत्तरपत्रिकांच्या कामासाठी मला गडचिरोलीला, गोंडवाना विद्यापीठात जावयाचे होते. हे विद्यापीठ २०११ साली आमच्या दोन जिल्ह्यांसाठी निघाले. चंद्रपूर ते गडचिरोली हा रस्ता मूल, सावलीवरून जातो आणि वैनगंगा ओलांडतो. त्यातला चिचपल्ली, अजयपूर, केळझरचा टापू जंगलाचा. पहाटेच निघालो. अजयपूरच्या पुढे एका मोहाच्या झाडाशी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. थर्मासमधला चहा प्यावा हा हेतू. बॅटरी जरा दमलेली होती, म्हणून इंजिन चालूच ठेवले.

झाडाखाली एक म्हातारी आणि दहा-बारा वर्षांची मुलगी मोह वेचीत होत्या. रात्रभर टपटपलेली ती पिवळट, रसाळ फुले उन्हाच्या आधी वेचायची, वाळवायची, घरी खायची आणि उरलेली विकायची. या दिवसांत कित्येक घरांचा मीठमिरचीचा खर्च त्यांवरच चालतो. मी चहा ओतीत होतो. मुलीने ओढणी नाकाला लावली. मग तिने भरत आलेली टोपली उचलली आणि झाडाच्या पलीकडे नेऊन ठेवली. परत आली आणि मला म्हणाली, "ओ भाऊ, गाडी समोर न्या ना जी. मोहाले वास लागते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पावसात कपडे आत घ्यावेत, तसे तिने टोपलीचे केले होते. मी चहा तसाच ठेवून निघालो. पुढच्या सगळ्या वाटेवर तो भरदार आवाज मला ऐकवेना.

तिला जाणवला तो वास होता न जळलेल्या पेट्रोलचा. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. त्याच्यापासून ती टोपली आणि ती पोर कोणी, कशी बाजूला न्यायची?

आम्ही चंद्रपूरकर धुराच्या बाबतीत फार बोलके. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक भागांची यादी केली, तिच्यात चंद्रपूर चौथे आले. २,९२० मेगावॉटचे वीज केंद्र उशाशी आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत. गच्चीवरच्या कपड्यांवर काजळी दिसली की मी त्या चिमण्यांच्या नावाने बोटे मोडतो. पण चिमणी जे करते, तेच मी माझ्या ऐपतीप्रमाणे करीत होतो, आणि खिशात पास झाल्याचा कागद बाळगीत होतो.

मग थोडे वाचन केले. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. या डब्याचा जुना पुरस्कर्ता यूजीन हूड्री हा फ्रेंच इंजिनियर. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने अस्वस्थ होऊन त्याने १९५०च्या सुमारास अमेरिकेत या कामाला हात घातला. पण तेव्हाच्या पेट्रोलमधले शिसे जाळीला मारून टाकी. तिकडच्या गाड्यांना हा डबा सर्रास लागला तो १९७५ साली. आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो १९९५ साली आला, आणि शिसेविरहित पेट्रोल देशभर मिळू लागले २००० साली. एवढ्या खटपटीने आलेली वस्तू मी एका दुपारी भंगारात घातली होती.

दिवाळीच्या बोनसची वाट न पाहता मी नवा डबा बसवून घेतला. मिस्त्री हळहळला. पुन्हा तपासणीला गेलो, तेव्हा नळी माझ्याच गाडीला लावायला सांगितली आणि आकडा येईपर्यंत तिथेच उभा राहिलो. पास झालो. सौ.ला सगळे सांगितले, पीयूसीची हकीकतसुद्धा. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे कुकर पुन्हा घड्याळावर."

अनुस्वाराचा माझा दाखलाही चुकलाच होता. ते टिंब उच्चारातून आधीच गेले होते. ते पुसल्याने कोणाच्या श्वासात फरक पडला नाही. हा डबा न बोलता काम करीत होता, आणि मी त्याच्या मुकेपणाला निरुपयोग समजलो. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या काही पोरांच्या बाबतीतही माझे असे झाले असेल.

पुढच्या मोहाच्या दिवसांत त्या रस्त्याने गेलो. गाडी झाडापासून लांब, मुरुमावर उभी केली आणि इंजिन बंद केले. आता बॅटरी नवी आहे. झाडाखाली दुसरीच माणसे होती. त्यांच्यापैकी कोणी माझ्याकडे वळून पाहिले नाही.